पावसात पारखावा गवंडी

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपणां सर्वांच्या कानांवरून लहानपणापासून गेलेली आहे. आमच्या बेळगावच्या बाजूला हीच म्हण कन्नडातूनही ऐकू येते : ‘मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु.’ शब्द निराळे, अनुभव तोच. भाषेची सरहद्द कोणी कोठेही आखो, घर बांधताना होणारा मनस्ताप दोन्ही अंगांना सारखाच असतो, असे यावरून म्हणावयास हरकत नाही.

परंतु या म्हणीतील दोन कार्यांपैकी एकात आपण जी सावधगिरी बाळगतो, तिचा दहावा हिस्सादेखील दुसऱ्यात बाळगत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. मुलीसाठी स्थळ पाहावयाचे झाले की मुलाचे शिक्षण, नोकरी, घरची माणसे, आजोळ, इतकेच नव्हे तर आजोबा कोणत्या दुखण्याने गेले येथवर आपण चौकशी करतो. मात्र जन्मभराची पुंजी ज्याच्या हाती सोपवावयाची त्या कंत्राटदाराचा शोध एका वाक्यात आटोपतो : ‘शेजाऱ्यांचं काम त्यानंच केलं, माणूस बरा आहे.’ आणि त्या शेजाऱ्यांच्या घराला अजून रंगाचा वास येत असतो!

मला या लेखात एकच गोष्ट सांगावयाची आहे. घर बांधणारा माणूस कोरड्या दिवसांत निवडू नये. तो पावसाळ्यात निवडावा. बांधकाम संक्रांतीनंतर सुरू करावे हे खरे. पण ते कोणाकडून करून घ्यावयाचे हे आदल्या आषाढ-श्रावणात ठरवावे. दिवाळीनंतर सगळीच घरे कोरडी असतात आणि सगळेच कंत्राटदार हुशार दिसतात. कोणाचा हात खरोखर चांगला, हे पाऊस सांगतो.

आमच्या भागाचा पाऊस ज्यांनी अनुभवला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगणे अगत्याचे आहे. सह्याद्रीचा माथा बेळगावपासून फार दूर नाही. मलप्रभा जेथे उगम पावते ते कणकुंबी खानापूर तालुक्यात आहे, आणि तेथला पाऊस कोकणाच्या तोडीचा असतो. बेळगाव शहरात वर्षाकाठी साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला सौंदत्ती-रामदुर्गाकडे जावे, तर त्याच्या निम्माही नाही. म्हणून पश्चिमेची जुनी घरे उतरत्या छपराची, कौलारू. पूर्वेची माळवदी, सपाट मातीच्या धाब्याची. दोन्हीकडचे गवंडी आपापल्या जागी निष्णातच. पण कोरड्या मुलखात तयार झालेल्या हाताला खिडकीवरचा छज्जा वीतभर आखूड राहिला तर त्यात वावगे वाटत नाही. आमच्याकडे मात्र पाऊस नुसता वरून पडत नाही. तो वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि पश्चिमेच्या भिंतीवर आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकतो. वीतभर आखूड छज्जाचा अर्थ तेव्हा कळतो.

आमचे घर शहापुरात. हे शहापूर आज बेळगाव शहराचाच भाग असले, तरी १९४८ पर्यंत ते सांगली संस्थानात मोडत असे. माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेले हे घर : दगड-मातीच्या दीड हात रुंद भिंती, सागवानी वासे आणि वर मंगळुरी कौले. पश्चिमेच्या भिंतीचा पुढचा अर्धा भाग शेजाऱ्यांशी सामाईक, मागचा अर्धा एका अरुंद बोळाकडे उघडा. शहापूर, वडगाव, खासबाग हा सारा विणकरांचा पट्टा. आमचे शेजारीही विणकर, घरची भाषा कन्नड. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांचे यंत्रमाग त्या सामाईक भिंतीच्या पलीकडे चालतात. मागांचा खडखडाट थांबला की आमच्या घरात चुकल्यासारखे होते.

ऑगस्ट २०१९ चा पाऊस या जिल्ह्यात कोणीच विसरणार नाही. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी चढून पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता, आणि जिल्ह्यात हजारो घरे कोसळली. त्याच आठवड्यात एका पहाटे आमच्या पश्चिम भिंतीच्या मागच्या भागाचे बाहेरचे तोंड पोटातल्या मातीसकट बोळात उतरले. आतले तोंड जागच्या जागी उभे होते. छप्पर तेवढ्यावर तरले.

यजमान त्यापूर्वीच निवर्तले होते. घरात मी आणि ८४ वर्षांच्या सासूबाई. पुण्याहून दीर धावत आले. त्यांचे म्हणणे असे, की ‘वहिनी, जागा विकून टाकू आणि आईला घेऊन तुम्ही इकडंच या.’ त्यात मायाच होती. पण सासूबाई म्हणाल्या, “मी सोळाव्या वर्षी या उंबऱ्यातून आत आले. आता बाहेर पडायचं ते एकदाच.” यावर कोणी काय बोलावे? हाताशी होती ती यजमानांच्या भविष्यनिर्वाह निधीची रक्कम आणि शाळेतल्या नोकरीतून मी बाजूला टाकलेली थोडी शिल्लक. एकदा ती खर्ची पडली की पुन्हा जमण्यासारखी नव्हती. भिंतीला टेकू लावले, बाहेरून पत्रे ठोकले. पुढचे वर्ष टाळेबंदीत गेले. अशा रीतीने २०२१ चा आषाढ उजाडला, तेव्हा मी छत्री घेऊन कंत्राटदार पाहावयास बाहेर पडले.

पाहावयास म्हणजे त्यांची कामे पाहावयास. नवी घरे मी मुद्दामच टाळली. ज्यांच्या घराला किंवा दुरुस्तीला निदान पाच वर्षे झाली आहेत, अशांचीच नावे ओळखीपाळखीतून जमवली आणि भर पावसात त्यांच्या दारी गेले. कोणी आश्चर्य केले, कोणी चहा दिला. पाहावयाच्या जागा ठरलेल्या होत्या : पश्चिमेची भिंत आतून, खिडकीचे खालचे दोन कोपरे, न्हाणीघराची पलीकडची बाजू, आणि गच्चीचे पाणी जेथून खाली सुटते तेथले तोंड. ओल लपवता येते ती रंगाने, आणि रंग पाचव्या पावसाळ्यापर्यंत तिची बाजू घेत नाही. आमच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर १२०४ सालचे आहे. आठशेंहून अधिक पावसाळे त्याने अंगावर घेतले. साध्या माणसाच्या घराला तेवढी परीक्षा नको. पण पाच पावसाळ्यांची असावी.

या हिंडण्यात एक प्रश्न मला फार उपयोगी पडला. ‘घर गळते का?’ असे मी विचारीत नसे. पहिल्या पावसात प्रत्येक घर कोठे ना कोठे गळतेच; त्यात कौशल्याइतकाच योगायोगाचा भाग असतो. मी विचारीत असे, “गळलं तेव्हा बोलावल्यावर तो आला का?” आणि हा प्रश्न घरच्या बाईंना विचारावा. कर्ते पुरुष दराविषयी सांगतात. बादली कोठे ठेवावी लागली आणि किती दिवस, ते बाईंना ठाऊक असते. मी पाहिलेल्या घरांपैकी तीन घरी एकाच मेस्त्रींचे नाव निघाले, आणि तिन्ही ठिकाणी उत्तर आले : “न बोलावता आला होता.”

तरीही एकाच नावावर थांबू नये म्हणून तिघांना घर पाहण्यास बोलावले. सासूबाईंनी तिघांनाही एकच प्रश्न विचारला, आणि खरे पाहता निवड त्या प्रश्नानेच झाली.

पहिले गृहस्थ मोटारीतून आले. बोळाकडे ते फिरकलेच नाहीत. पावलांनी जागा मोजून म्हणाले, “सगळं पाडू. कॉलम, बीम, वर स्लॅब. सहा महिन्यांत चावी हातात.” दर चौरस फुटाला इतके, हेही तोंडपाठ होते. बाजेवरून सासूबाई म्हणाल्या, “बाबा, पागोळ्यांचं पाणी कुठं सोडणार?”

“अज्जी, स्लॅबच्या घराला पागोळ्या नसतात,” ते हसून म्हणाले.

“पागोळ्या नसतील. पाऊस असेल ना?”

दुसऱ्यांचा आकडा सर्वांत कमी होता. पडलेला भाग विटांनी भरून, सगळ्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि वर पाणी न शिरू देणारा रंग, असे पंधरा दिवसांचे काम त्यांनी सुचवले. सासूबाईंच्या प्रश्नावर ते म्हणाले, “पाणी आत येणारच नाही, मग सोडायचं काय?” ऐकावयास हे गोड वाटते. पण मातीत बांधलेल्या दगडी भिंतीचा स्वभाव असा, की ती ओल घेते आणि टाकते. जमिनीतून वर चढलेली किंवा छपरातून मुरलेली ओल तिला बाहेर टाकावीच लागते. बाहेरून सिमेंटचे कवच चढवले की ती आतच कोंडते आणि पोटातली माती वर्षावर्षाला ढिली होत जाते. बाहेरून भिंत तुकतुकीत आणि आतून पोखरलेली, अशी घरे जुन्या पेठांतून कितीतरी दिसतात.

तिसरे आले ते हे मेस्त्री. धो धो पावसात, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन. घरात न येता ते आधी बोळात गेले. भिंतीवर तळहात ठेवून, थापीच्या मुठीने ठिकठिकाणी ठोकून, कोठे भरीव आणि कोठे पोकळ आवाज येतो ते ऐकत राहिले. मग आत येऊन विचारू लागले : ओल कोणत्या महिन्यात दिसू लागते? किती उंचीपर्यंत चढते? दिवाळीपर्यंत वाळते की नाही? आणि शेवटी, “बाई, शेजारच्या अण्णांशी बोललात का? ही भिंत त्यांचीही आहे. त्यांचे माग हिच्या आधारानं उभे आहेत.” त्या क्षणापर्यंत कोणीही शेजाऱ्यांचे नाव काढले नव्हते.

सासूबाईंनी आपला प्रश्न विचारला. मेस्त्री म्हणाले, “तेच बघायला आज आलो, अज्जी. उन्हाळ्यात आलो असतो तर तुम्ही सांगितलं असतं आणि मी मान हलवली असती.” मग त्यांनी दाखवले, की कौलांचे पाणी बोळात पडते, बोळाचा उतार नेमका आमच्या भिंतीकडे आहे, आणि कित्येक वर्षे ते पाणी पायथ्याशी मुरत आले आहे. भिंत पडली ती वरच्या पावसाने नव्हे, खालच्या पाण्याने.

भिंतीच्या दुखण्याविषयी त्यांनी जे सांगितले ते जुनी दगडी घरे असलेल्या प्रत्येक वाचकाने ध्यानात ठेवावे असे आहे. आपल्या जुन्या रुंद भिंती म्हणजे वस्तुतः दोन पातळ भिंती असतात, आणि त्यांच्या मध्ये माती व दगडांचे तुकडे भरलेले असतात. चांगला गवंडी थोड्या थोड्या अंतरावर या तोंडापासून त्या तोंडापर्यंत पोहोचणारा लांब दगड आडवा घालीत असे, म्हणजे दोन्ही तोंडे एकमेकांना धरून राहत. असे आरपार दगड महाग पडू लागले, मिळेनासे झाले, तसे ते गाळले गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसे गेली ती बहुतांशी अशाच भिंती आणि त्यांवरचे जड धाबे अंगावर येऊन. पुढे तेथे जुनी घरे मजबूत करण्याचा एक मार्ग रूढ झाला : भिंतीला आरपार भोक पाडावयाचे, त्यात टोकांशी वळवलेली सळई घालावयाची आणि काँक्रीट भरावयाचे, म्हणजे आरपार दगडाचे काम ते करते. आमचे मेस्त्री तरुणपणी त्या पुनर्वसनाच्या कामावर बिगारी म्हणून गेले होते. ही विद्या ते तेथे शिकले. त्यांच्यापाशी पदवी नव्हती, परंतु आपण जे करतो ते का करतो हे त्यांना सांगता येत होते. कंत्राटदार निवडताना यापरते प्रमाणपत्र मला ठाऊक नाही. अर्थात, नव्याने मजला चढवावयाचा असेल किंवा कॉलम उभे करावयाचे असतील, तर अभियंत्याचा आराखडा हवाच. मेस्त्री कितीही जाणता असला तरी सळईचा हिशेब त्याच्यावर सोडू नये. आमच्याही भिंतीचे काम ठरवण्यापूर्वी मेस्त्रींनी स्वतःच एका अभियंत्याला आणून दाखवले.

पावसाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे जमीन. माझी धाकटी नणंद निपाणीला असते. तिचे घर बांधण्यास बेळगावातील एक नावाजलेले कंत्राटदार नेमले होते. टिळकवाडीकडील त्यांची कामे पाहून कोणालाही मोह पडावा अशीच होती. पण बेळगावची तांबडी, मुरमाड जमीन निराळी आणि निपाणीची तंबाखू पिकवणारी काळी माती निराळी. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर उथळ पायाचे घर दरवर्षी थोडे उचलले जाते आणि थोडे खाली बसते. नणंदेच्या घराचा पाया बेळगावच्या सवयीने तीन फुटांवर थांबवला गेला. दुसऱ्याच उन्हाळ्यात खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा निघाल्या. अशा जमिनीत पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्यावा लागतो. ते शक्य नसेल तर खाली फुगीर असलेले काँक्रीटचे खांब जमिनीत घालण्याची पद्धत रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेली आहे. निपाणीतला साधा गवंडीदेखील ‘मुरूम लागेपर्यंत खणा’ असे सांगतो. त्याने ती माती उन्हाळ्यात पाहिलेली असते. म्हणून जुनी कामे पाहावयाची ती त्याच पावसातली आणि त्याच मातीतली.

जुने काम पाहून झाले की त्या माणसाचे चालू कामही पाहावे, आणि न कळवता पाहावे. सिमेंटची पोती फळ्यांवर रचली आहेत की जमिनीवर? कालच्या काँक्रीटवर ओली पोती आहेत की ते उन्हात तापत आहे? आता बाजारात बहुतेक सिमेंट राख मिसळलेले मिळते. त्याच्या काँक्रीटला निदान दहा दिवस सतत ओले ठेवले पाहिजे, असे आपले भारतीय मानक सांगते. दुसरे म्हणजे पाणी. स्लॅबच्या काँक्रीटमध्ये पन्नास किलोच्या एका पोत्याला साधारण सत्तावीस लिटरांहून अधिक पाणी पडू नये, आणि वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. माल सरसर पसरावा म्हणून मजूर बादली वाढवतात; ती बादली पाहून जो मुकादम ओरडत नाही, त्याचे घर पाचव्या वर्षी ओरडू लागते. आणखी एक बारीकशी खूण मी सांगेन. मजुरांच्या पिण्याच्या पाण्याची सोय कोठे आहे ते पाहावे. जो आपल्या माणसांना सावली आणि पाणी देतो, त्याच्याकडे तीच माणसे वर्षानुवर्षे टिकतात. आणि भिंत ओळंब्यात येते ती टिकलेल्या हातांनी.

आता कागद. हम्मुराबी राजाच्या सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या संहितेत, घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्यास देहदंड सांगितला आहे. आपला कायदा इतका कडक नाही, आणि त्यात एक भेद आहे तो पुष्कळांना माहीत नसतो. विक्रीसाठी बांधल्या जाणाऱ्या मोठ्या प्रकल्पांना २०१६ चा स्थावर संपदा कायदा लागू होतो. त्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधणीतील दोष निघाला तर तो विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे बंधन विकासकावर आहे. पण स्वतःच्या जागेवर कंत्राटदाराकडून घर बांधून घेणाऱ्यास त्या कायद्याची ही सावली मिळत नाही. घरबांधणी ही ग्राहक कायद्याच्या दृष्टीने ‘सेवा’ ठरते, हे १९९३ पासून स्पष्ट आहे आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. तेव्हा तक्रारीस वाट आहे. पण त्या वाटेवर हाती कागद लागतो. तोंडी ठरलेल्या गोष्टी ग्राहक आयोगापुढे बोलत नाहीत.

आमचा करार दोन रकान्यांत लिहिला होता, एका बाजूस कन्नड, दुसऱ्या बाजूस मराठी. मेस्त्री मराठी उत्तम बोलत, पण वाचणे कन्नडातच. माझे नेमके उलटे. ज्यावर सही करावयाची ते दोघांनाही स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आले पाहिजे, असा आग्रह त्यांनीच धरला. परप्रांतात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हे विशेष सांगावेसे वाटते. कोणत्याही भाषेतील कागद ‘वाचून दाखवला’ एवढ्यावर सही करू नये. सुदैवाने फूट, इंच, ब्रास हे शब्द दोन्ही रकान्यांत सारखेच होते, आणि गवंडीही उत्तर कर्नाटकाच्या कन्नडात ‘गौंडी’च असतो.

करारात नुसता ‘चौरस फुटाला इतके’ असा दर कधीही असू नये. त्या एका आकड्यात पाया किती खोल, राडारोडा कोण उचलणार, पाण्याचा निचरा, लाकडाला वाळवीचे औषध, यांतले काय धरले आहे आणि काय नाही ते कळत नाही. स्वस्त अंदाजपत्रक बहुधा स्वस्त नसते, अपुरे असते. आम्ही माल आमचा आणि मजुरी त्यांची, अशी वाटणी ठेवली. २०२२ च्या मार्च-एप्रिलात सळईचे भाव एकाएकी चढले, तेव्हा वाद न होता आम्हीच कमी सळईत भागेल का, हे त्यांच्याबरोबर बसून पाहिले. त्यांनी ‘भागणार नाही’ असे सांगितले आणि माळ्याचे काम पुढे ढकलण्यास सुचवले. पैशाचे हप्ते तारखेवर नव्हे, कामाच्या टप्प्यांवर बांधले होते. आणि शेवटचा हप्ता, एक पावसाळा काढल्यावर, गणपतीनंतर द्यावयाचा होता. ही अट घालताना मला संकोच वाटत होता. मेस्त्री म्हणाले, “लिहा, बाई. पाऊस माझाही साक्षीदार आहे.” ज्याला ही अट जाचक वाटेल त्याला काम देऊ नये, असे माझे मत तेव्हापासून पक्के झाले आहे.

काम सुरू होण्याआधी मेस्त्री आणि मी अण्णांकडे गेलो. सामाईक भिंतीला भोके पाडताना लगतचे दोन माग थांबवावे लागणार होते, आणि विणकराच्या घरी माग थांबणे म्हणजे चूल मंदावणे. अण्णांनी बारा दिवस कबूल केले. त्या दिवसांच्या बुडीत मजुरीचा निम्मा भार मी उचलावा असे ठरले, आणि तेही त्याच करारात दोन ओळींत लिहिले. बाराव्या दिवशी संध्याकाळी माग सुरू झाले. बोळाचा उतार फिरवून पाणी रस्त्याच्या गटाराकडे वळवले, पायथ्याशी फरशीची पट्टी घातली, कौलांखाली पन्हळ बसवली, आणि भिंतीला सिमेंटचा नव्हे, चुन्याचा गिलावा केला. जागा विकण्याचा विषय दिरांनी पुन्हा काढला नाही.

त्या वर्षी जुलैत पहिली मोठी झड लागली, तेव्हा मेस्त्री न बोलावता आले. एका कोपऱ्यात पन्हळीचा सांधा ठिबकत होता. तो त्यांनी तेथल्या तेथे बसवला. गणपती झाल्यावर शेवटचा हप्ता दिला. सासूबाईंनी त्या घरात २०२२ आणि २०२३ असे दोन पावसाळे काढले. बाजेवर पडल्या पडल्या पन्हळीचा आवाज ऐकून त्या म्हणत, “आता पाणी कुठं जातंय ते कळतं.” त्या हिवाळ्यात त्या गेल्या, स्वतः म्हटल्याप्रमाणे त्याच उंबऱ्यातून.

वाचकहो, आपण इंदुरात असाल, हैदराबादेस असाल किंवा गोव्यात. आपल्याकडची माती आणि आपल्याकडचा पाऊस आमच्याहून निराळा असेल. इंदूरच्या काळ्या जमिनीला निपाणीची पथ्ये लागतील, गोव्याच्या जांभ्याच्या घराला बेळगावच्या बोळाची. पण घर बांधावयाचे मनात असेल तर संक्रांतीची वाट पाहू नका. येत्या आषाढात छत्री घेऊन पाच-सहा वर्षांच्या जुन्या घरांतून हिंडून या, आणि एखाद्या घरी चहा पुढे आला तर घरच्या बाईंना एवढेच विचारा, की गळले तेव्हा तो आला होता का?